मेजावरचे तोब्रुक

सन १८३० मध्ये विल्यम सायबोर्न नावाच्या एका तरुण इंग्रज लष्करी अधिकाऱ्यास वॉटर्लूच्या रणक्षेत्राची प्रतिकृती करण्याचे काम सरकारने सोपविले. लढाई होऊन पंधरा वर्षे लोटली होती, आणि सायबोर्न स्वतः त्या लढाईत नव्हता. तो रणक्षेत्रावर जाऊन राहिला, सुमारे आठ महिने तेथील चढउतार मोजीत हिंडला, आणि मग त्याने आम्हां कारकून मंडळींस मोठी जवळची वाटावी अशी एक गोष्ट केली. त्याने एक परिपत्रक काढले. लढाईतून जिवंत परतलेल्या अधिकाऱ्यांस त्याने लेखी विचारले की, सायंकाळी सुमारे सात वाजता आपली पलटण नेमकी कोठे उभी होती, तिची रचना कशी होती, समोर शत्रूचे कोणते सैन्य होते, आणि आपल्या पायांखालच्या शेतात त्या वेळी पीक कोणते होते.

पिकाविषयीचा तो प्रश्न वाचून कित्येक सेनानींनी कपाळाला हात लावला असेल. परंतु प्रतिकृती करणाऱ्यास तो टाळता येत नाही. ग्रंथकार 'शेतातून पुढे सरसावले' असे लिहून मोकळा होतो. मेजावर शेत करणाऱ्याला गहू, राय की नांगरलेली जमीन हे ठरवावेच लागते. ग्रंथात शब्दांच्या आड अज्ञान लपू शकते; मेजावर ती सोय नाही.

सायबोर्नची पुढची हकीकत सुखाची नाही. सरकारने मध्येच पैसा देणे थांबविले आणि खर्चाचा बोजा त्याच्या शिरावर आला. आलेल्या उत्तरांवरून त्याने प्रशियन सैन्य जेथे मांडले, ते ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या गोटातील मंडळींना रुचले नाही, कारण त्या मांडणीने विजयाच्या श्रेयाचे वाटप बदलत होते. पुढे त्या मांडणीत फेरबदल झाला. तो दबावाने झाला की मत पालटल्यामुळे झाला, यावर इतिहासकार आजही भांडतात. १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ती प्रतिकृती लोकांसाठी खुली झाली. सत्तर हजारांहून अधिक चिमुकले सैनिक, मैलास नऊ फूट हे प्रमाण, आणि पाहणाऱ्यांची झुंबड! ती आजही लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. सायबोर्नच्या हाती पैसा उरला नाही. उरला तो पत्रांचा गठ्ठा, आणि आज वॉटर्लूच्या अभ्यासकास त्या गठ्ठ्यावाचून पाऊल टाकता येत नाही. प्रतिकृती हे निमित्त ठरले आणि तिच्यासाठी केलेली विचारपूस हाच इतिहास ठरला.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, गेल्या वर्षी आम्हीही असल्याच एका उद्योगात सापडलो.

बदलीच्या गावी दिवाळीत किल्ला करणे हा आपणां मराठी माणसांचा जुना छंद आहे. दगडविटा, चिखलात बुडविलेले गोणपाट, वर पेरलेले अळीव, आणि सिंहासनावर महाराज. जोधपुरास आम्ही जी चार-सहा मराठी कुटुंबे आहोत, ती दर वर्षी हा किल्ला करतो. अळीव मात्र येथल्या कोरड्या हवेत उगवण्यापूर्वीच माना टाकतात. तेव्हा गेल्या वर्षी मुलांपैकीच एकाने सुचविले की, हिरवळ उगवत नसेल तर हिरवळ नसलेलीच लढाई करू; मराठे वाळवंटात कधी लढले नाहीत काय?

लढले होते. दुसऱ्या महायुद्धात पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही आपली बेळगावची रेजिमेंट आफ्रिकेत होती. मंडळींनी लागलीच केरेनचे नाव घेतले. १५ मार्च १९४१ रोजी एरिट्रियातील केरेनच्या डोंगरात तिसऱ्या पलटणीने 'फ्लॅट टॉप' नावाची टेकडी घेतली, आणि छत्रपतींच्या नावाचा जयघोष पलटणीची युद्धघोषणा तेथेच बनला अशी रेजिमेंटची परंपरा सांगते. किल्ल्याच्या जागी शोभावा असाच तो प्रसंग होता. अडचण एवढीच की, केरेन हे वाळवंट नव्हे. तेथे उंच, खडकाळ, काटेरी झुडपांचे डोंगर आहेत. सह्याद्रीत वाढलेल्या माणसास ते फारसे परके वाटणार नाहीत. मराठा पलटण अस्सल वाळवंटात ज्या ठिकाणी युद्धाच्या ऐन मुखात उभी राहिली, ते ठिकाण तोब्रुक. आणि तोब्रुक हा पराभव होता.

यावर आमच्यात जो वाद झाला तो दोन रविवार पुरला. एका ज्येष्ठ गृहस्थांचे म्हणणे असे की, इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव याच रेजिमेंटचे. ते सोडून शरणागतीचा देखावा सणाच्या दिवशी पोरांपुढे का मांडावा? प्रश्न रास्त होता. आमचे उत्तर असे होते की, मराठी माणसाने ज्या एका लढाईवर सर्वांत अधिक लिहिले, गायिले आणि अश्रू ढाळले, ती पानिपताची, आणि ती आपण जिंकलो नव्हतो. भाऊसाहेबांच्या बखरीचा लेखक पराभवाकडे पाठ फिरविता, तर आपली भाषा एका थोर गद्यकृतीस मुकली असती. पानिपत निदान आपण विसरलो नाही. तोब्रुकची मराठा पलटण मात्र आपल्या स्मरणातूनही गेली, आणि परक्यांच्या ग्रंथांत तिच्या वाट्यास बहुधा एकच वाक्य येते : शत्रूने मराठ्यांच्या बाजूने तटबंदी फोडली. या वाक्यात खोटे काहीच नाही. परंतु ते ज्या रीतीने एकटे उभे असते, त्या रीतीने ते अन्याय करते. मेजावर त्याची बाकीची वाक्ये मांडून पाहावी, इतकाच आमचा आग्रह होता. तो मान्य झाला.

तोब्रुक हे लिबियाच्या किनाऱ्यावरील बंदर. शेकडो मैलांच्या त्या उजाड किनाऱ्यावर मोठी जहाजे लागावीत असे ते एक मोलाचे ठिकाण, म्हणून दोन्ही पक्षांस ते हवे होते. इटालियनांनी त्याभोवती सुमारे तीस मैलांची अर्धवर्तुळाकार तटबंदी उभारली होती. 'उभारली' हा शब्द येथे वस्तुतः लागू नाही. ती खणली होती. काँक्रीटने बांधून काढलेल्या शंभरावर चौक्या दुहेरी ओळीत जमिनीच्या पोटात बसविल्या होत्या, पुढे काटेरी तारा आणि रणगाडे अडविण्यासाठी खंदक होता. जानेवारी १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याने हे ठाणे इटालियनांकडून घेतले, आणि त्याच वर्षी एप्रिलपासून जर्मन सेनापती रोमेलच्या वेढ्यात ते सुमारे आठ महिने टिकले. त्या वेढ्यात आपले अठरावे घोडदळही आत होते, अर्थात घोड्यांवाचून. तोब्रुक हे नाव त्या आठ महिन्यांत साऱ्या इंग्रजी साम्राज्यात निर्धाराचे प्रतीक होऊन बसले.

यापुढचा भाग कचेरीत आयुष्य काढणाऱ्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. १९४२ च्या आरंभी कैरो येथील तिन्ही दलांच्या सेनापतींनी असे ठरविले की, पुन्हा वेढा पडण्याची वेळ आल्यास तोब्रुक धरून बसावयाचे नाही. निर्णय विचारपूर्वक होता. वेढ्यातील सैन्यास समुद्रमार्गे रसद पोहोचविताना आरमाराची जबर हानी झाली होती. एकदा ठाणे धरावयाचे नाही असे ठरल्यावर त्याची निगा कोण राखणार? पश्चिमेस गझाला येथे नवी फळी उभी राहत होती, तिला सुरुंग हवे होते. ते तोब्रुकच्या तटबंदीपुढून पुष्कळसे उपटून नेण्यात आले. खंदक ठिकठिकाणी वाळूने बुजत गेला. पुढे २६ मे रोजी रोमेलने गझालावर चाल केली, जूनच्या मध्यास ती फळी मोडली, आणि लंडनहून विचारणा येताच निर्णय फिरला : तोब्रुक धरावयाचे! फायलीवर शेरा एका ओळीने बदलता येतो. उपटलेले सुरुंग त्या ओळीने परत येत नाहीत.

ठाण्याचा प्रमुख म्हणून दक्षिण आफ्रिकेचे मेजर जनरल क्लॉपर यांची नेमणूक झाली. आग्नेयेकडील बाजू अकराव्या भारतीय ब्रिगेडकडे आली. तीत कॅमेरॉन हायलँडर्स, सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी पलटण आणि पाचव्या मराठ्यांची दुसरी पलटण होती. नेमकी हीच बाजू रोमेलच्या डोळ्यांपुढे फार दिवसांपासून होती. १९४१ च्या नोव्हेंबरात त्याने येथूनच हल्ला करण्याचा बेत आखला होता. इंग्रजांची चढाई आधी सुरू झाल्याने तो तसाच राहिला. सात महिन्यांनी तो परत आला, तेव्हा त्या वेळी साठविलेला तोफांचा दारूगोळा त्याच्या सैन्यास जागच्या जागी सापडला.

आता मेजाकडे वळू. आम्ही एकास बहात्तर हे प्रमाण धरले, कारण त्या मापाची प्लॅस्टिकची चित्रे आणि गाड्या बाजारात मिळतात. या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस सव्वादोन सेंटिमीटरांचा होतो. परंतु एक किलोमीटर जमीन जवळजवळ चौदा मीटर होते, म्हणजे पलटणीची सारी फळी मांडावयाची तर मंगल कार्यालय भाड्याने घ्यावे लागते. तेव्हा एकच चौकी करावयाचे ठरले. अशी चौकी सुमारे ऐंशी मीटर लांब असे; आमच्या मापाने एक मीटर दहा सेंटिमीटर. एक जुने दार आडवे टाकले, त्यावर ती बसली. सहज हिशेब केला तर असे दिसले की, चौक्यांमधील अंतर साडेसातशे यार्डांच्या घरात होते, म्हणून शेजारची चौकी आमच्या मापाने साडेनऊ मीटरांवर, अंगणाच्या फाटकापाशी येते. नकाशावर या चौक्या माळेतल्या मण्यांसारख्या एकमेकींस खेटून दिसतात. दारावरच्या चौकीपासून फाटकापर्यंत चालत गेल्यावर त्या किती एकाकी होत्या ते पायांना कळते. वेढ्याच्या काळात ऑस्ट्रेलियनांनी अशा एका चौकीत दहा-पंधरा माणसे ठेवली होती.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण. आपला किल्ला म्हणजे उंचवटा. बुरूज, तट, माची, सारे वर चढणारे. ही चौकी म्हणजे खाच. तीन गोल खड्डे, त्यांस जोडणारा पुरुषभर खोलीचा अरुंद मार्ग, आणि तोंड जमिनीच्या पातळीस. बाहेरून काही दिसू नये हाच तिचा गुण. म्हणजे आमच्या देखाव्यात पाहण्यासारखी जी एक वस्तू, तिचे सारे कौशल्य न दिसण्यात होते! शेवटी आम्ही दाराची एक कड करवतीने कापून चौकीचा छेद मोकळा केला, जेणेकरून समोरून उदासीन मैदान दिसावे आणि बाजूने पोटातली माणसे दिसावीत. तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. या खड्ड्यांतून समोरचे पायदळ दिसते आणि त्याच्यावर मारा करता येतो. मागे काय चालले आहे हे मात्र फारसे दिसत नाही. खंदक आणि सुरुंग शाबूत असतील तरच या चौकीस अर्थ होता. ते नसले म्हणजे रणगाडा तिच्या शेजारून सरळ आत निघून जाऊ शकत होता.

जमिनीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या लाटाच येतात. आमच्या एका स्नेह्यांनी ओसियांच्या टेकड्यांवरून पोतेभर सुरेख वाळू आणण्याची तयारी दर्शविली होती. पण तोब्रुकभोवती वाळूच्या टेकड्या नाहीत. तेथे चुनखडीचे पठार आहे, समुद्राकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे. त्यावर धुळीचा पातळ थर, विखुरलेले दगड आणि मधूनमधून खुरटी काटेरी झुडपे. खणावयास गेले की हातभरात खडक लागतो, म्हणून इटालियनांचे ते तयार खड्डे एवढे मोलाचे. शिवाय वाळूचे आणखी एक गणित आहे. अर्ध्या मिलिमीटरचा कण बहात्तर पटींनी छत्तीस मिलिमीटरांचा होतो. मेजावर पसरलेली खरी वाळू त्या चिमुकल्या शिपायाच्या दृष्टीने लिंबाएवढ्या धोंड्यांचे शेत होय. वाळवंट दाखवावयाचे तर वाळू चालत नाही, पीठ लागते. सुदैवाने राजस्थानात मुलतानी मातीस तोटा नाही. ती वस्त्रगाळ करून सरसाच्या पाण्यावर चाळली, आणि जैसलमेरच्या पिवळ्या दगडाचा चुरा खडकांच्या जागी वापरला. जोधपूरचा तांबूस दगड आम्ही कटाक्षाने दूर ठेवला. झुडपांसाठी एका गृहिणीने कुंच्याच्या काड्यांची टोके सुचविली, आणि ती इतकी बेमालूम बसली की त्या सूचनेपुढे आमचे वाचन फिके पडले.

रंगांचा प्रश्न तरुण मंडळींनी उकरून काढला. १९४० आणि १९४१ मध्ये इंग्रजांच्या गाड्यांवर तिरप्या, टोकदार पट्ट्यांची तिरंगी रंगयोजना असे. तिच्यातील एक रंग निळा होता असे समजून प्रतिकृती करणाऱ्यांनी कित्येक वर्षे आपले रणगाडे आकाशी निळे रंगविले; वस्तुतः तो रुपेरी करडा होता. आमच्या प्रसंगापर्यंत ही पद्धत मागे पडून बहुतेक गाड्या साध्या फिकट पिवळसर झाल्या होत्या, तेव्हा वाद आपोआप मिटला. जर्मनांचीही अशीच कथा आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत त्यांच्या गाड्या त्रिपोलीस उतरल्या त्या युरोपातील गडद करड्या रंगात, आणि वाळवंटी पिवळ्या-तपकिरी रंगाचा हुकूम मार्चच्या मध्यास निघाला. तोवर काहींनी गाड्यांस चिखल फासून वेळ मारून नेली. हुकूम मागून आणि गरज आधी, ही रीत कोणत्याही एका देशाची मिरास नव्हे.

चौकीच्या मागे आम्ही पेट्रोलचे डबे ठेवले. हे डबे म्हणजे त्या युद्धाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. इंग्रजांचा डबा पातळ पत्र्याचा, चार गॅलनांचा आणि हमखास गळणारा. जर्मनांचा वीस लिटरांचा, भक्कम, झाकण घट्ट बसणारा. इंग्रज शिपाई तो हाती लागल्यास सोडीत नसत आणि पुढे इंग्रज सरकारनेही त्याची नक्कल केली. गळका डबा मात्र वाया गेला नाही. अर्धा कापून त्यात वाळू भरावी, वर पेट्रोल ओतावे, काडी लावावी, की चहाची चूल तयार. आमच्या चौकीतील दोन माणसे अशा चुलीपाशी बसली आहेत.

चहाची वेळ आम्ही सहज निवडलेली नाही. सायबोर्नने जसे सायंकाळचे सात धरले, तसा आम्हांसही एक क्षण ठरवावयाचा होता. २० जून १९४२, शनिवार. आदल्या दोन दिवसांत रोमेलचे सैन्य तोब्रुकला बगल देऊन पूर्वेस इजिप्तच्या सरहद्दीकडे गेले असे भासले होते. ते रात्रीतून मागे फिरले. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मराठा पलटणीच्या फळीवर विमानांनी बाँबफेक सुरू केली. तिच्या पाठोपाठ तोफा. धुराच्या आणि धुळीच्या आडून शत्रूचे पायदळ आणि सुरुंग काढणारे सॅपर्स पुढे आले, खंदकावर वाटा झाल्या, एकेक चौकी पडत गेली. पलटणीच्या राखीव तुकडीने प्रतिहल्ला केला, तो मोडला. साडेआठच्या सुमारास रणगाडे खंदक ओलांडून आत शिरू लागले. ठाण्यात इंग्रजांचे रणगाडे होते. ते त्या भगदाडाकडे निघाले तोवर उशीर झाला होता आणि ते एकदम न येता तुकड्यातुकड्यांनी आले. सायंकाळपर्यंत जर्मन बंदरात पोहोचले, आणि २१ तारखेच्या सकाळी क्लॉपर यांनी शरणागती दिली.

यातील कोणता क्षण घ्यावा? मुलांना अर्थातच साडेआठ हवे होते, कारण रणगाडे तेव्हा आले. आम्ही सव्वापाच धरले. त्या घटकेस चौकी सर्वार्थाने शाबूत आहे. माणसे रात्रभर जागून चुलीपाशी आली आहेत. आणि तिच्या नशिबाचे जेवढे ठरावयाचे तेवढे सगळे अगोदरच, दुसऱ्यांच्या हातून, ठरून गेले आहे. सुरुंग गेले आहेत, खंदक बुजला आहे, राखीव रणगाडे दूर आहेत. हे आम्ही समोरच्या मैदानात मांडले आहे : खंदकाची अर्धवट बुजलेली रेघ, आणि सुरुंग उपटल्यावर राहिलेल्या खळग्यांची ओळ. पाहणाऱ्याचे लक्ष तिकडे पटकन जात नाही. जावे म्हणून आम्ही बाण काढले नाहीत.

विमाने मात्र दाखविता आली नाहीत. हजार मीटर उंचीवरचे विमान आमच्या मापाने जवळजवळ चौदा मीटरांवर येते, म्हणजे घराच्या छपराच्याही पुष्कळ वर. तारेने टांगून दोन हातांवर लोंबविणे हा सोपा मार्ग होता, पण मग ते विमान न राहता घार झाले असते. म्हणून तीन शिपायांच्या माना आम्ही तापल्या सुईने वळवून वर केल्या. विमान देखाव्याबाहेर आहे. ते येत आहे हे त्या तीन मानांवरून समजते. प्लॅस्टिकच्या खोक्यातली ती चित्रे मुळात गोऱ्या शिपायांची होती. कातडीचा रंग बदलणे सोपे. रांगड्या मावळी चेहऱ्याची ठेवण सव्वादोन सेंटिमीटरांत आणणे कोणासही साधावयाचे नाही, आणि आम्ही ती खटपट केलीही नाही.

प्रतिकृती हा रिकामटेकड्यांचा खेळ, असे कोणास वाटत असेल त्याने त्याच वाळवंटातील दुसरी एक हकीकत पाहावी. १९४१ च्या वेढ्यात तोब्रुकच्या पाणी शुद्ध करण्याच्या कारखान्यावर बाँब पडत, तेव्हा चित्रपटांचे कलादिग्दर्शन सोडून सैन्यात आलेल्या पीटर प्राउड यांनी कारखाना उद्ध्वस्त झाल्याचाच देखावा उभारला. १९४२ च्या शरदात, अल् अलामीनच्या लढाईपूर्वी, हीच विद्या फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. चित्रपट निर्माते जेफ्री बार्कस, चित्रकार टोनी एर्टन, व्यंगचित्रकार ब्रायन रॉब ही तिची सूत्रधार मंडळी. खऱ्या रणगाड्यांवर मालमोटारीच्या आकाराची कनाती झाकणे बसविली. दक्षिणेकडे पाण्याच्या नळाची एक खोटी वाट टाकली. नळ म्हणजे ठोकून सपाट केलेले तेच गळके डबे! रोज काही मैल चर खणावयाचा, डबे मांडावयाचे, आणि रात्री चर बुजवून तेच डबे पुढे न्यावयाचे. काम नोव्हेंबरपूर्वी पुरे होणार नाही अशी गती मुद्दाम ठेवली होती. हल्ला २३ ऑक्टोबरच्या रात्री उत्तरेकडून झाला. येथे प्रमाण एकास एक होते, आणि पाहणारा आकाशात होता. सायबोर्नने खरे सांगण्यासाठी मांडामांड केली, या मंडळींनी खोटे सांगण्यासाठी. पण कारागिरी एकच आणि चिकाटीही एकच.

तोब्रुकच्या शरणागतीत बत्तीस-तेहतीस हजार सैनिक कैद झाले, त्यांत सुमारे अडीच हजार भारतीय होते. ही वार्ता चर्चिल यांस वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट यांच्या भेटीत असताना कळली. रूझवेल्ट यांनी तेथल्या तेथे तीनशे शर्मन रणगाडे देऊ केले, आणि तेच पुढे अलामीनला उपयोगी पडले. रोमेलला फील्ड मार्शलचा दंड मिळाला. गुरखे आणि कॅमेरॉन हायलँडर्स शरणागतीचा हुकूम निघाल्यानंतरही काही काळ लढत राहिले, याचा ग्रंथांतून योग्य तो गौरव होतो. ज्या पलटणीवर पहिला घाव पडला, तिला तो अवसर मिळाला नव्हता.

मराठा शिपाई इतर भारतीय कैद्यांबरोबर समुद्रापार गेले. इटलीत आवेत्सानो येथे भारतीय कैद्यांची मोठी छावणी होती. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवल्यावर अशा छावण्यांतून पुष्कळजण डोंगरात निसटले आणि तेथल्या गरीब शेतकऱ्यांनी स्वतःच्या जिवावर उदार होऊन त्यांस घरांत, गोठ्यांत दडविले. सातारा-कोल्हापुराकडचा एखादा जवान अपेनाइन्सच्या गोठ्यात हिवाळा काढीत आहे, धन्याची भाषा त्याला कळत नाही पण जनावराचे दुखणे कळते, असे चित्र आमच्या मनात कित्येक दिवस घोळत राहिले. पुढच्या दिवाळीस ते करावे असे काहींच्या मनात आहे. त्यासाठी मुलतानी माती नको, कापूस लागेल.

जे परतले नाहीत आणि ज्यांची समाधीही सापडली नाही, अशा भारतीयांची नावे अलामीनच्या स्मारकावर कोरलेली आहेत. ज्यांस अग्निसंस्कार मिळाला अशा सहाशेहून अधिकांचे स्मारक तेथेच निराळे आहे. खुद्द तोब्रुक इंग्रजांनी १३ नोव्हेंबर १९४२ रोजी परत घेतले, आणि या वेळी त्यासाठी लढाई करावी लागली नाही.

देखावा चार दिवस राहिला. मुलांनी रणगाड्यांची चौकशी केली, आणि ते साडेआठला येतील असे उत्तर ऐकून खुशाल निघून गेली. ज्या ज्येष्ठ गृहस्थांचा विरोध होता, ते शेवटच्या दिवशी आले. चष्मा पुसून त्यांनी छेदातून बराच वेळ आत पाहिले, खंदकाच्या रेघेवरून बोट फिरविले, आणि विचारले, "हा बुजला होता हे ठाऊक असून यांना येथे बसविले होते?" आम्ही होय म्हणालो. त्यांनी मग खळग्यांची ओळ मोजली. ती सोळा खळग्यांची आहे. दाराची रुंदी तेथे संपते.